बारा बावीसची सावली

१

परतूरमध्ये धर्मराज सरांच्या घराचा पत्ता सांगायचा तर एकच खूण पुरते. ज्या घराच्या गच्चीवर एकटा लोखंडी गज उभा दिसेल, ते घर. नवख्या माणसाला वाटतं, वरचा मजला बांधायचा राहून गेला असावा आणि कॉलमची सळई तशीच सोडलेली असावी. तसं काही नाही. तो गज सरांनी मुद्दाम उभा केलेला आहे, बरोबर एक मीटर उंचीचा, ओळंबा लावून सरळ केलेला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून सर मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले त्याला आठ वर्षं झाली. पण एप्रिल लागला की भर दुपारी डोक्याला ओला रुमाल बांधून ते गच्चीवर जातात, गजाच्या सावलीच्या टोकाशी खडूनं रेघ मारतात, वहीत आकडा लिहितात आणि घामाघूम होऊन खाली येतात. बेबीनंदाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, रोज विचारतात, "घटली का?" आणि सर तितक्याच गंभीरपणे सांगतात, "घटली."

घटत घटत मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, एके दिवशी बारा वाजून बावीस मिनिटांनी, ती सावली नाहीशीच होते. सूर्य नेमका डोक्यावर येतो. त्या दिवशी सर गल्लीतल्या पोरांना अंगणात गोळा करतात. पोरं पेले, डबे, बॅटरीचे सेल असलं काहीबाही मांडून बसतात आणि सावली गेली की आरडाओरडा करतात. मग सरांचं भाषण होतं. सावली म्हणजे फक्त न पोचलेला उजेड, दुसरं काही नाही, हे ते तीस वर्षं सांगत आले होते. भानामतीच्या नावानं गावंच्या गावं दारं लावून बसायची, त्या काळात हा माणूस सायकलवर एकटा जाऊन लोकांच्या ओट्यावर बसायचा आणि वाद घालायचा. अशा माणसाच्या घरात पुढची गोष्ट घडली, हे एक नवलच म्हणायचं.

यंदा सुमेधा आलेली होती. सुमेधा सरांची एकुलती एक लेक, वय एकतीस. नर्सिंग करून ती नॉर्वेला गेली त्याला चार वर्षं झाली होती. तिचं गाव त्या देशाच्याही पार वरच्या टोकाला, नकाशात शोधायला गेलं की सरांचं बोट कागदाच्या कडेला लागायचं. तिथल्या वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची. चार वर्षांत पहिल्यांदाच महिनाभराची रजा मिळाली होती. सरांच्या मनात एकच होतं आणि ते त्यांनी कुणापासून लपवलं नव्हतं: पोरीनं आता परत जाऊ नये. जालन्याच्या एका दवाखान्यात त्यांनी शब्द टाकून ठेवला होता, आणि वीस तारखेच्या आत कळवा म्हणून तिथून निरोपही आला होता.

आठ मेच्या दुपारी सर रेघ मारून उठत होते. गजाची सावली जेमतेम साडेचार सेंटीमीटर भरली होती. तेवढ्यात वाळत घातलेल्या कुरडया उलटायला सुमेधा वर आली. सरांनी सहज तिच्या पायाकडं पाहिलं. मग तिच्या पायापासून पुढं, आणखी पुढं. गच्चीच्या फरशीवरून एक लांबलचक सावली पश्चिमेकडं गेली होती आणि कठड्यावर चढून तिथं मोडली होती. ती वाकली तशी सावलीही वाकली. भर बारा बावीसला ती सकाळी शाळेत जाणाऱ्या पोरीच्या सावलीएवढी लांब होती.

सरांनी स्वतःच्या पायाकडं पाहिलं. तिथं त्यांची सावली चपलेबाहेरसुद्धा नीट आली नव्हती.

२

खाली येऊन सर पंख्याखाली आडवे झाले आणि त्यांनी मुद्देसूद विचार केला. दिवाळीत डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं. बाहेर बेचाळीस अंश तापमान होतं. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली की नाही, आठवत नव्हतं. दुसऱ्या कुणी येऊन हे सांगितलं असतं तर त्यांनी याच तीन गोष्टी विचारल्या असत्या आणि त्याला ताक पाजून घरी पाठवलं असतं. तेव्हा त्यांनी स्वतःच पेलाभर ताक घेतलं. गोळीही घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशात मोजपट्टी टाकली आणि जिन्यातून हाक मारली, "सुमे, जरा वर ये गं. एक टोक धरायचंय."

ती आली. सरांनी तिला गजाशेजारी उभं केलं. सावली होतीच. कालच्याच दिशेनं, कालच्याएवढीच. सरांनी वाकून तिच्या टाचेपाशी पट्टीचं टोक ठेवलं आणि गुडघ्यावर सरकत सरकत पुढं गेले.

"काय मोजून राह्यले पप्पा?"

"स्लॅब. वर एक खोली काढावी म्हणतो."

सुमेधा हळूच म्हणाली, "माझ्यासाठी?"

आयुष्यात सर फार थोड्या वेळा खोटं बोलले होते आणि त्यातलं हे अर्धं खरं होतं. पट्टीवर आकडा होता दहा फूट, वर एक इंच. तिची उंची पाच फूट दोन. सरांनी दोन्ही आकडे तळहातावर पेनानं लिहिले आणि खाली जाऊन वही उघडली.

परतूरच्या डोक्यावर त्या वेळी सूर्य सत्याऐंशी अंशांच्याही वर होता. तिच्या सावलीवरून काढलेला सूर्य निघाला सत्तावीस अंशांवर. सरांनी गणित पुन्हा केलं. पुन्हा सत्तावीस. मग त्यांनी मोबाईल घेतला, तिच्या त्या टोकाच्या गावाचं नाव एकेक अक्षर बघून टाकलं आणि आत्ता तिथं सूर्य किती वर आहे ते शोधलं. तिथं सकाळचे नऊ वाजत आले होते. सूर्य आग्नेयेच्या बाजूला होता, सत्तावीस अंशांवर.

सर कितीतरी वेळ वहीकडं बघत बसले. भास असता तर गणित चुकलं असतं. भासाला त्रिकोणमिती कुठून येणार? ही सावली बरोबर होती. फक्त ती इथली नव्हती. सहा-सात हजार किलोमीटरवरचं एक सकाळचं ऊन त्यांच्या लेकीच्या अंगावर पडत होतं आणि परतूरच्या फरशीवर तिची सावली पाडत होतं. सरांना भीती तर वाटलीच, पण त्याहून जास्त असं वाटलं की आपण फार मोठ्या कशाच्या तरी दारात उभे आहोत आणि पायात चपला तशाच आहेत. त्यांनी नकळत चपला काढल्या.

३

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, संध्याकाळचे पावणेआठ झाले असतील, लाईट गेली. उन्हाळ्यात परतूरला लाईट जाण्याचं कुणाला काही वाटत नाही. कूलर घरघरत थांबला आणि सगळ्या गल्लीतून एकदम "आऽऽ" असा आवाज निघाला. बेबीनंदाबाई मेणबत्ती शोधायला उठल्या. सर खुर्चीत होते, सुमेधा समोर चटईवर भिंतीला टेकून बसली होती. अंधार चांगला गडद पडला होता.

आणि अंधारात सरांना सुमेधाचा चेहरा दिसत होता.

सगळा चेहरा नाही. फक्त पश्चिमेकडचा गाल, कानाची पाळी, खांद्यावरची ओढणी. तेवढ्यावर फिकट, स्वच्छ ऊन पडलं होतं. मेणबत्तीचा उजेड हलतो, पिवळा असतो. हा स्थिर होता, पांढुरका होता, दूरवर कुठंतरी बर्फावरून येणारं दुपार कलतानाचं ऊन असावं तसा. त्या बाजूला घराला खिडकी नव्हती. तिकडं शेजाऱ्यांची भिंत होती आणि भिंतीला लागून त्यांचं कडब्याचं शेड. खोलीतल्या दुसऱ्या कशावरही तो उजेड पडला नव्हता. ना चटईवर, ना सरांच्या पायावर. फक्त तिच्यावर, आणि तिच्या मागच्या भिंतीवर तिची सावली.

भिंतीवर ती एकटी नव्हती. तिच्या सावलीभोवती खिडकीच्या चौकटीची सावली होती, मधे एक आडवी आणि एक उभी पट्टी. चौकटीत एका झाडाच्या फांद्या. बारीक, बिनपानांच्या, लांब फांद्या, आणि त्या हलत होत्या. वारा तिथं चांगलाच असावा. इथं पान हलत नव्हतं, सरांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि समोर भिंतीवर कुठलातरी गार वारा एका झाडाला हलवत होता. कसलाही आवाज नव्हता. सरांना वाटलं, असंच बघत बसावं. इतकं सुंदर त्यांनी काही पाहिलं नव्हतं. आणि त्याच वेळी त्यांच्या मनात आलं की चौकटीतली सावली आपल्याकडं पाठ करून बसलेली आहे की तोंड करून, हे सावलीवरून कधीच कळत नाही.

"पप्पा, असे का बघू राह्यले?" सुमेधानं विचारलं. ती अंधाराकडं बोलत होती. तिला सर दिसत नव्हते, हे सरांच्या लक्षात आलं.

"तुला कसं कळलं, मी बघतोय ते?"

"वाटलं."

लाईट आली. कूलर सुरू झाला. भिंत मोकळी होती. बेबीनंदाबाई दारात हातात न पेटवलेली मेणबत्ती घेऊन उभ्या होत्या आणि त्यांची नजर भिंतीवर होती.

सर त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. "दिसलं का तुला?"

"मला पहिल्याच दिवशी दिसलं. स्टेशनावरून रिक्षातून उतरली तवाच."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"कुणाला, तुम्हाला?" बाईंनी कणकेचं भांडं पुढ्यात ओढलं. "तुमचं भाषण ऐकायची ताकद न्हाई राह्यली माझ्यात."

बाई कणीक मळत राहिल्या, मग खाली बघतच म्हणाल्या, "ती सावली तिथं राह्यली हाय. पोरगी आली, ती आली न्हाई. तिला कुणी रजाच दिली नसंल. जाऊ द्या पोरीला तिच्याकडं."

"असं काही नसतं, बेबी."

"नसतं तर नसतं. पण जबरी करू नका तिच्यावर. तुमची जबरी दिसत न्हाई, पण असती."

सरांना राग आला. तो बाईंच्या बोलण्याचा होता की त्या खरं बोलल्याचा, हे त्यांनी तपासून पाहिलं नाही.

४

जबरी नको म्हणून सरांनी समजुतीनं घ्यायचं ठरवलं. एका संध्याकाळी पाचच्या सुमाराला सुमेधा मागच्या ओट्यावर बसून सुपात तूरडाळ निवडत होती. सर शेजारी जाऊन बसले. पश्चिमेच्या उन्हात त्यांची सावली एकीकडं पडली होती आणि तिची भलतीकडं, उत्तरेच्या भिंतीवर. सुमेधाचं तिकडं कधी लक्ष गेलेलं दिसलं नव्हतं. आता त्याची सरांना सवय होत चालली होती. माणसाला कशाचीही सवय होते.

सुमेधाचे हात सुपात होते. भिंतीवरली सावली उभी होती.

सरांनी डोळे मिटले, उघडले. ती उभीच होती. मग ती पुढं वाकली. खालून दुसरी एक सावली तिच्यात मिसळली, काटकुळी, आडवी पडलेली. उभ्या सावलीनं तिच्या मानेखाली हात घातला, दुसरा पाठीशी नेला आणि तिला अलगद, फार अलगद उठवून बसवलं. बसलेल्या सावलीचा एक हात वर आला. तो थरथरत होता. उभ्या सावलीनं तो आपल्या हातात घेतला आणि थरथर थांबेपर्यंत धरून ठेवला. सरांनी आपल्या आईचं शेवटचं दुखणं काढलं होतं. असं धरणं त्यांना जमलं नव्हतं.

सुमेधा डाळीतला खडा वेचून बाजूला टाकत होती.

"तिथं आत्ता काय चालू असंल गं?" सरांनी विचारलं. आवाज साधा ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला.

तिनं वर न बघता सांगितलं, "दीड वाजला असंल. आस्त्रिद आजीला बसवायची वेळ. ब्याण्णव वर्षांची हाय. मानेखाली हात घातल्याशिवाय उठता येत न्हाई तिला. अन् हात कापतो, तो धरायला लागतो, न्हाईतर जेवतच न्हाई."

"आता कोण धरत असंल?"

सुमेधाचे हात थांबले. "काय माहीत. रोज ह्याच वेळेला माझे हात असे जड होऊन राह्यलेत. जसं काय कुणाला तरी उचलून राह्यले मी."

सर भिंतीकडं बघणं टाळत म्हणाले, "सुमे, खरं सांग. तिथं चांगलं काय हाय?"

"मला कुणी आडनाव विचारत न्हाई."

"अन् वाईट?"

"तेच. कुणी काहीच विचारत न्हाई." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "नोव्हेंबरात सूर्य जातो पप्पा, तो जानेवारीतच येतो. दोन महिने दिवसाच दिवे लावून बसायचं. पहिल्या वर्षी मी रोज रडायचे. बाथरूममध्ये शॉवर सोडून. वाटायचं, हे काय करून घेतलं आपण. मम्मीच्या हातची भाकर न्हाई, तुमचं भाषण न्हाई, रस्त्यात कुणी 'सरांची पोरगी' म्हणून वळखत न्हाई. अन् मंग जानेवारीत सूर्य यायचा दिवस येतो. सगळं गाव टेकडीवर जाऊन उभं राहतं. लहान पोरं, म्हातारे, चाकाच्या खुर्च्या, सगळे. कुणी बोलत न्हाई. डोंगराच्या फटीतून एवढीशी कड दिसती, चार-पाच मिनिटं. म्हाताऱ्या बायका रडतात. मी आस्त्रिद आजीची खुर्ची धरून उभी होते. माझी सावली पडली बर्फावर, लांबच्या लांब, निळी. दोन महिन्यांनी आपली सावली बघितली पप्पा मी. तवा मला पहिल्यांदा वाटलं का आपण इथंच हाओत."

सरांना त्या टेकडीवर उभं राहावंसं वाटलं, त्या मुक्या गर्दीत, त्या चार मिनिटांसाठी. एवढं ज्या माणसानं पाहिलं त्याला आपण जालन्याच्या दवाखान्याचं काय सांगणार? पण त्यांनी सांगितलं. बाप होते ते.

"दोन्हीकडं राहता येत न्हाई, बेटा. माणूस थकून जातं. कुठंतरी एका जागी पुरं राहावं लागतं," ते म्हणाले. आणि मग जे बोलू नये असं त्यांनी ठरवलं होतं, ते बोलले. "तुझ्या मम्मीचे गुडघे बघितले ना? जिना चढता येत न्हाई तिला. मी किती दिवस पुरणार?"

सुमेधानं सूप खाली ठेवलं. बाईंच्या गुडघ्यांचा आपण कसा वापर केला, ते सरांना त्याच क्षणी कळलं आणि लाजही वाटली. पण शब्द परत घेतले नाहीत. भिंतीवरची सावली काम थांबवून उभी राहिली होती. तिची मान किंचित वळलेली होती, कुणी बोलतंय ते ऐकू येत असल्यासारखी.

५

एकोणीस तारखेला सकाळी चहाच्या वेळी सुमेधानं सांगून टाकलं. "पप्पा, मी राहते इथंच. तिथं मेल टाकली रात्री. तिकीट बी रद्द केलं."

सरांचा कप बशीवर वाजला. त्यांनी उठून लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि लहान मुलासारखे हसले. इतका आनंद त्यांना नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. बेबीनंदाबाईंनी मात्र गॅस बंद केला आणि पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. "मनानं ठरवलं का?" एवढंच त्यांनी विचारलं.

"मनानंच," सुमेधा म्हणाली. "एका जागी पुरं राहायचं ठरवलं."

योगायोग असा की त्याच दिवशी सावली नाहीशी व्हायची होती. खरं तर आठवडाभर सरांनी मनात बेत केला होता की बारा बावीसच्या आधी सुमेधाला कुठल्यातरी कामानं मोंढ्याच्या बाजारात पाठवून द्यायचं. पोरांसमोर, गल्लीसमोर ती नऊ-दहा फुटांची सावली पडली तर लोक काय म्हणतील? ज्यांना तीस वर्षं शहाणपण शिकवलं तेच तिला कुणा मांत्रिकाच्या दारात न्यायला सांगतील. पण आजच्या दिवशी तिला घालवून द्यायला त्यांची जीभ रेटेना. आणि ती तर लहानपणीसारखी आधीच अंगणात उतरली होती, पोरांचे पेले रांगेत मांडत होती.

चौदा पोरं जमली होती. फरशी अशी तापली होती की पोरं या पायावरून त्या पायावर नाचत होती. सुमेधा अनवाणीच त्यांच्यात फिरत होती. तिची सावली अंगणभर पसरून फाटकाला टेकली होती. "सगळ्यांनी आपापल्या पायाशी बघा," सर ओरडले. "दुसऱ्याचं बघायचं न्हाई, बिलकुल न्हाई. नजर हलली का मजा गेली." पोरांनी माना खाली घातल्या. मुलांचं हे एक बरं असतं. सांगितलं तर ऐकतात.

बारा एकोणीस. पेल्यांच्या सावल्या बुडाशी गोळा झाल्या. बारा एकवीस. अंगणात एकदम शांतता पसरली. कावळासुद्धा ओरडेना. वरून ऊन सरळ रेषेत उतरत होतं आणि प्रत्येक वस्तू आपल्याच बुडाला चिकटून उभी होती. दरवर्षी या एका मिनिटाला सरांचं मन भरून यायचं. आज ते भीतीनं भरलं होतं, कारण त्यांना एकट्याला मान वर करायची मुभा होती.

सुमेधा अंगणाच्या मधोमध हात खाली सोडून उभी होती. तिची सावली तिच्यासारखीच, हात सोडून. मग सावलीनं एक हात उचलला आणि कपाळाशी धरला, उन्हात लांबचं बघायला धरतात तसा. सुमेधाचे हात खालीच होते. सावलीनं हात खाली घेतला. ती वळली.

तिच्या टाचा आणि सुमेधाच्या टाचा यांच्यामध्ये उन्हाची एक रेघ उमटली. आधी बोटाएवढी, मग वीतभर. सावली फाटकाकडं चालत निघाली. तिला घाई नव्हती. उजवा खांदा थोडा झुकलेला, पर्स अडकवून ड्यूटीला जाताना सुमेधाचा झुकायचा तसाच. फाटकावर ती चढली, गजांवरून तुटत तुटत पलीकडं उतरली, रस्ता ओलांडला, समोरच्या भिंतीवर क्षणभर पूर्ण उंचीनं उभी राहिली. तिनं मागं वळून पाहिलं की नाही, हे सावलीवरून सांगता येत नाही. मग ती पत्र्यांवरून वर गेली आणि वायव्येकडच्या उन्हात सरांना दिसेनाशी झाली.

"गेली! गेली!" पोरं एकदम ओरडली. त्यांच्या पेल्यांच्या सावल्या गेल्या होत्या. ती टाळ्या वाजवत होती, उड्या मारत होती, आणि सुमेधाही त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवत होती.

६

थोड्या वेळानं सावल्या परत आल्या. पेल्यांना पूर्वेकडं काळी कड फुटली, आधी नखाएवढी. मग पोरांच्या पायांशी. पोरं आपापली सावली बोटानं मोजू लागली. सर सुमेधाच्या पायाशी बघत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तिच्या पायाशी फरशी लख्ख होती. गोऱ्या टाचांखालीसुद्धा काळं म्हणून काही नव्हतं.

सर तिच्याजवळ गेले. "सुमे, कसं वाटून राह्यलं?"

"चांगलंय की." तिनं वर सूर्याकडं पाहिलं, डोळे न मिचकावता. "उन्हाचं काहीच वाटंना पप्पा मला. मघाशी पोळत होतं, आता न्हाई. हात बी हलके झाले. कुणाला उचलायचं राह्यलंच न्हाई जसं काय."

ती हसली. हसणं तिचंच होतं. पण तिच्या डोळ्यांत त्या संध्याकाळी ओट्यावर जे पाणी आलं होतं, आणि त्या टेकडीबद्दल बोलताना जे काही चमकलं होतं, ते सरांना कुठं दिसेना. त्यांनी फार शोधलं. त्यांना जोरानं ओरडून कुणाला तरी परत बोलवावंसं वाटलं, पण कुठल्या नावानं हाक मारणार? नाव तर इथंच उभं होतं. दारात बेबीनंदाबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. सरांशी त्या या गोष्टीबद्दल पुढंही कधी बोलल्या नाहीत.

"ताई," पोरांतली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "आमच्या सावल्या आल्या. तुमची दाखवा ना किती आली."

सगळी पोरं वळायला लागली. सर दोन ढांगांत सुमेधाच्या पश्चिमेच्या अंगाला गेले आणि तिला खेटून उभे राहिले, खांद्याला खांदा लावून. सूर्य कलला होता. त्यांची चार बोटांची सावली पूर्वेकडं सरकली आणि तिच्या पायाशी जाऊन पडली, अगदी तिचीच असावी अशी.

"ही बघा," सर म्हणाले. "बराबर चार बोटं."

पोरांचं समाधान झालं. ती पेले गोळा करायला लागली.

"पप्पा, एवढं चिकटून का उभे राह्यले? घामानं भिजले तुम्ही. आत जा ना."

"राहू दे," सर म्हणाले. आता दिवस मावळेपर्यंत पश्चिमेला उभं राहायचं, त्यांनी मनाशी मांडणी केली. उद्या सकाळी पूर्वेला. दवाखान्यात ट्यूबलाईटच्या खाली काय करायचं, ते बघावं लागेल. पावसाळ्यात थोडी सवड मिळेल. सुमेधा एकतीस वर्षांची होती आणि सर सहासष्टचे. ऊन आणखी थोडं कललं, तसे ते तेवढंच सरकून उभे राहिले.